गडावरच्या श्रमदानाचा रिव्ह्यू: चार रविवार, एक टाकं आणि माझा १४ नंबरचा दगड

सगळ्यात आधी कबूल करून टाकते, गड वाचवायला म्हणून गेले आणि पहिल्याच रविवारी तटाचा एक दगड मीच पाडला. त्याचं पुढे सांगते, पण हा रिव्ह्यू कोण लिहितंय ते आधी कळलेलं बरं.

तर हा रिव्ह्यू आहे एका दुर्गसंवर्धन ग्रुपच्या श्रमदान मोहिमांचा. ग्रुपचं नाव लिहीत नाही, कारण खाली थोडी कुरकुर पण आहे आणि ही सगळी मंडळी नोकरीधंदा सांभाळून पदरमोड करून राबतात, त्यांना नावानिशी सोलून काढणं मला जमणार नाही. गडाचं नावही लिहीत नाही, त्याचं कारण वेगळं आहे, तिथलं एक टाकं आत्ता कुठे मोकळं झालंय आणि नाव कळलं की पुढच्या शनिवारी दहा जण टॉवेल खांद्यावर टाकून पोहायला हजर. एवढंच सांगते की सह्याद्रीतला लहानसा टेहळणीचा गड आहे, पायथ्यापासून तास सव्वा तासाची चढण, वर पडका दरवाजा, तीन बुरूज, चार टाकी, वाड्याची जोती आणि बाकी सगळं रान. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले गेले, रायगड राजगड शिवनेरी लोहगड साल्हेर वगैरे महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी, त्या यादीच्या आसपासही हा गड कधी फिरकणार नाही. तिकडे आता सगळ्यांचं लक्ष आहे आणि असायलाच हवं, पण असे हे बिनपाटीचे गड शेकड्यांनी पडलेत, त्यांच्याकडे बघायला हे रविवारवालेच.

मी चारदा गेले. जानेवारी, मार्च, एप्रिल आणि मग पाऊस संपल्यावर ऑक्टोबर. मधल्या काळात कमरेने सुट्टी घेतली होती.

नोंदणी सोपी आहे, ऑनलाइन फॉर्म भरायचा, त्यात रक्तगट, घरच्यांचा नंबर, पोहता येतं का, उंचीची भीती वाटते का असं सगळं विचारतात. ते बघून मला बरं वाटलं. मग व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतात आणि तिथे मात्र बरं वाटणं संपतं. तीन दिवसांत चारशे मेसेज, त्यातले कामाचे सहा, बाकी गुड मॉर्निंग, तलवारींचे फोटो आणि 'मी पण येतोय' ला अंगठे. भेटायची वेळ पहाटे साडेचार होती आणि गाडी आली सहाला दहा मिनिटं कमी असताना, कारण जो गाडी घेऊन येणार होता तोच झोपला होता. चारही वेळा उशीर झाला, फक्त झोपणारा माणूस दरवेळी वेगळा.

वर पोचल्यावर मला वाटलं आता कोयते वाटतील आणि सुरू. तर नाही, मोहिमेचा जो मुख्य दादा आहे त्याने सगळ्यांना दरवाज्यापाशी बसवलं आणि वीस मिनिटं फक्त काय करायचं नाही ते सांगितलं. सोबत परवानगीची पत्रं फाईलमध्ये, वनखात्याचं एक आणि पुरातत्त्व विभागाचं एक. त्या पत्रात जेवढं लिहिलंय तेवढंच करायचं, म्हणजे वरचं झाडोरं काढायचं, ठरलेल्या एका टाक्यातला गाळ काढायचा, बास. जमीन उकरायची नाही, पडलेला दगड उचलून परत भिंतीत बसवायचा नाही, दगडाला रंग नाही, चुना नाही, सिमेंटचं तर नावच काढायचं नाही. केंद्राचा १९५८ चा कायदा आहे आणि राज्याचा १९६० चा, आणि संरक्षित गडावर परवानगीशिवाय कुदळ मारली तर चांगल्या हेतूने मारली म्हणून कोणी सोडत नाही हे त्याने दोनदा सांगितलं. माझ्या शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, मग आलोय कशाला. खरं सांगते, मनात माझ्याही तेच आलं होतं.

मग रिबनचा प्रकार. हे मला प्रचंड आवडलं. लाल रिबन बांधलेलं झुडूप तोडायचं, पांढऱ्या रिबनला हात लावायचा नाही आणि रिबनच नसेल तर आधी विचारायचं. लाल म्हणजे बहुतेक घाणेरी आणि रानमोडी. घाणेरी म्हणजे तीच हो, टणटणी, लाल पिवळी फुलं, लहानपणी सगळ्यांनी तिची काळी फळं खाल्लेली असतात. ही आपली नाहीच, अमेरिका खंडातून आलेली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून भारतात आणली आणि मग ती शोभेपुरती राहिली नाही. १८१८ ला गड इंग्रजांकडे गेले आणि घाणेरी आली ती साधारण त्याच सुमाराला, हे कळल्यावर मी तिच्यावर कोयता जरा जास्तच जोरात चालवला. पण नुसती वरून छाटली तर दुप्पट फुटते. बुडाशी माती थोडी बाजूला करून खोडाचा गड्डा जिथून फुटतो तिथून काढायची, ती पण जमिनीवरची. भिंतीतली नाही. आणि फळं धरायच्या आधी, नाहीतर पाखरं बी घेऊन जातात आणि पुढच्या बुरुजावर नवीन शाखा उघडतात.

कारवीला मात्र हात लावायचा नाही. सात वर्षांनी फुलणारी ती कारवी, उतारावरची माती तीच धरून ठेवते, आणि जो माणूस 'सगळं साफ करून टाकू' म्हणत कारवीत शिरला त्याला दादाने सरळ घमेली धुवायच्या कामाला लावलं. तोडलेला पालापाचोळा जाळायचा पण नाही. दगड तापून त्याच्या खपल्या उडतात आणि वणवा लागला तर उरलेला डोंगर पण जातो. सगळं बांधून ठरलेल्या जागी रचायचं.

आता माझा दगड. तटाच्या बाहेरच्या अंगाला, साधारण छातीच्या उंचीवर, दोन दगडांच्या फटीत एक उंबराचं रोप होतं, हातभर. रिबन नव्हती. विचारायला पाहिजे होतं. पण इतकुसं रोप, आणि दोन तास घाणेरीशी झटून मला जरा हुरूप आला होता, मी ते बुडाशी धरलं आणि ओढलं. आधी काहीच झालं नाही. मग भिंतीतून वाळू सांडल्यासारखा बारीक आवाज आला, रोप हातात आलं, त्याच्यामागे मनगटाएवढं जाड मूळ आलं आणि मुळाच्या मिठीत नारळाएवढा दगड. तो माझ्या बुटावरून घसरून खाली गवतात पडला. त्याच्या पाठोपाठ आतली माती भसाभसा यायला लागली, ओंजळ, मग दोन ओंजळी, मग थांबली. भिंतीत एक काळं भोक आणि मी हातात रोप घेऊन उभी, एखाद्या चोरासारखी.

दादा ओरडला नाही, ते जास्त लागलं. त्याने फोटो काढला, त्या भोकाचा, दगडाचा, रोपाचा आणि शेजारी एक पट्टी धरून परत एकदा. मग वहीत नोंद केली. ग्रुपमध्ये एक वयस्कर काका आहेत, सगळं आयुष्य गवंडीकामात गेलेलं, ते आले आणि त्यांनी मला त्या भोकात डोकावायला लावलं. ताई, भिंत ही अशी दोन तोंडांची असते, म्हणाले, बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड, आणि मध्ये भर, म्हणजे माती, मुरूम, दगडाचे तुकडे. वरचं झाड एवढंसं दिसतं पण त्याचं मूळ त्या भरीत पसरलेलं असतं आणि बरेचदा दगडांना तेच धरून असतं. ते उपटलं की भर सांडते, भर सांडली की भिंतीला पोट सुटतं आणि एका पावसाळ्यात ती बसते. म्हणून उंबर, पिंपळ, वड यांना उपटायचं नसतं. खोड भिंतीलगत कापायचं, मूळ आतल्या आत मरू द्यायचं, त्यासाठी काय औषध घालायचं किंवा घालायचं का हे जाणकार ठरवणार, आणि मेलेल्या मुळाची जागा मागाहून चुन्याने भरून घ्यायची. तीही परवानगी आल्यावर.

मग मी म्हणाले, मला माहितेय ना तो कुठला दगड आहे, मी परत बसवते. काका हसले. नुसता खुपसून भिंत होत नाही. तर तो दगड आता भिंतीच्या पायाशी ठेवलाय, वहीत त्याचा नंबर १४, वर खडूने १४ आणि कापडी पट्टीवर पण १४. आधीचे १३ दगड कोणी पाडले ते मी विचारलं नाही.

इथेच माझा निम्मा रिव्ह्यू संपतो खरं तर. मी बाकी एकदोन ठिकाणची कामं पाहिलीत, कुठे ते सांगत नाही, जिथे हौशी लोकांनी उत्साहाच्या भरात तटाच्या सांध्यांत सिमेंट भरलंय, तोफेला काळा ऑइल पेंट मारलाय आणि बुरुजावर टाइल्स लावलेल्या चौथऱ्यावर स्वतःच्या मंडळाचं नाव. फोटोत मस्त दिसतं. सिमेंट भिंतीला श्वास घेऊ देत नाही, आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं, आणि जुनी भिंत उन्हापावसात जरा हलते तेव्हा चुना तिच्याबरोबर हलतो पण सिमेंटला तडा जातो, मग त्याच तड्यातून आणखी पाणी. या ग्रुपमध्ये दिवसभरात दिसायला काम कमी होतं, आणि मला वाटतं तेच यांचं सगळ्यात भारी आहे. पण हे पटायला मला चार रविवार आणि एक दगड लागला.

मार्च आणि एप्रिल हे टाक्याचे रविवार. ज्याला फक्त एकदाच जायचंय त्याने टाक्याच्या कामाला जावं, कारण इथे दिवसाच्या शेवटी काहीतरी दिसतं.

टाकं म्हणजे खडकात खोदलेला हौद, आमचं साधारण वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद, वर उघडं. खोली कोणालाच माहीत नव्हती कारण गाळ काठापासून हातभर खाली होता आणि त्यात बाभळीएवढी झुडपं उगवलेली. उन्हाळ्यातच हे काम करतात, पाणी सगळ्यात कमी असतं म्हणून. माणसांची साखळी लावायची, आत सहा, काठावर चार, पुढे गाळ टाकायच्या जागेपर्यंत वीस पंचवीस जण. गाळ दरीत भिरकवायचा नाही, खाली वाट आहे, वाटेखाली गावाची शेतं आहेत. मधल्या सपाटीवर ठरलेल्या चौकटीत टाकायचा, तिथे दोघंजण चाळणी घेऊन बसलेली.

पहिला नियम, घमेलं अर्धंच भरायचं. सगळे नवे लोक पूर्ण भरतात, मी पण भरलं. ओला गाळ काय वजनाचा असतो ते दहाव्या घमेल्याला कळतं. दुसरा नियम, कमरेत वळायचं नाही, पाय वळवायचे. हा नियम मी मार्चमध्ये पाळला नाही आणि त्याची फळं पुढचे आठ दिवस ऑफिसच्या खुर्चीत भोगली. घमेली मोजायला एका काकूंच्या आठवीतल्या पोराला बसवलं होतं, त्याने ६१२ पर्यंत प्रामाणिकपणे मोजली आणि मग सावलीत झोपला, त्यामुळे ६१२ च्या पुढचा आकडा कोणाकडेच नाही.

गाळाचे थर असतात हे मला माहीतच नव्हतं. सगळ्यात वर आपली पिढी, पाण्याच्या बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल, एका वाढदिवसाचा फुगा. त्याखाली कुजलेला पाला, चहाच्या चोथ्यासारखा, हलका. मग काळी चिकट माती, तिला एक वास येतो, पावसाळ्यातल्या बंद माळ्यासारखा, तो केसांतून दोन दिवस जात नाही. त्याखाली वरच्या भिंतीतून पडलेले दगड, आणि या दगडांपासून वेग एकदम कमी. प्रत्येक घडीव दगडाचा आधी जागेवर फोटो, मग दोराने वर, मग नंबर. चाळणीत कौलांचे तुकडे निघाले, खापऱ्या निघाल्या, गंजून फुगलेला एक खिळा आणि अर्धं जातं. अर्धं जातं निघालं तेव्हा साखळीतल्या सगळ्या बायका आपापली जागा सोडून बघायला आल्या, पुरुष मात्र तोफगोळा निघेल म्हणून वाट बघत होते. तोफगोळा निघाला नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला एक मोठा दगड लागला, त्याच्या एका टोकाला वाटीएवढा गोल गुळगुळीत खळगा. दाराचा खालचा खुंट ज्यात फिरतो तो दगड. म्हणजे टाक्याच्या वरच्या अंगाला कुठेतरी दार होतं. दादाने काम थांबवलं. पूर्ण थांबवलं. तेवढ्या भागावर काठ्या रोवून दोरी बांधली, पुरातत्त्वच्या माणसाला फोन लावला, रेंज नव्हती म्हणून एक जण बुरुजावर पळाला. लोक नाराज झाले, अजून तीन तास उजेड होता आणि सगळे जोशात होते. मीही चिडले होते. पण पुढच्या महिन्यात येऊन बघितलं तर त्या खात्याचा माणूस येऊन नोंद करून गेला होता आणि पुढचं काम कसं करायचं ते लेखी आलं होतं, मग मी गप्प बसले.

एप्रिलमध्ये एका कोपऱ्यात तळ लागला. पहार वापरू दिली नाही, तळाला चीर गेली तर टाकं गळतं आणि मग गाळ काढून उपयोग काय, त्यामुळे शेवटची वीतभर माती हाताने आणि लाकडी फळीने. पाणी टाकून पुसलं तर खाली खडक, आणि खडकावर छिन्नीचे घाव, एकाच दिशेने तिरपे, शेजारी शेजारी, पावसाच्या सरीसारखे. एका ठिकाणी दिशा बदललेली. काका म्हणाले, इथे माणूस बदलला किंवा बसायची बाजू बदलली. मी त्या बदललेल्या जागेवर हात ठेवून बसले थोडा वेळ, पाठ पण दुखत होती. आणि टाक्यातून जो दगड निघाला तोच वरच्या तटाला लागलेला, खाण आणि हौद एकाच खर्चात. काठावर खडकात गोल खळगे आहेत ओळीने, लाकडी खांब रोवून वर छप्पर करायचे, पाण्याला ऊन लागू नये म्हणून.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्याचा कारभार कसा करावा ते सांगणाऱ्या ग्रंथात, गडाबद्दल लिहिलंय त्यात पहिली गोष्ट पाणी, आधी पाणी बघा मग किल्ला बांधा. आणि झरा असला तरी त्याच्यावर विसंबू नका, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून टाकी खोदून ठेवा. घरी येऊन नळाखाली गाळ धुताना मला ते आठवत होतं आणि पाणी किती वाया चाललंय तेही दिसत होतं.

ठीक आहे, आता कुरकुर.

बायकांसाठी सोय शून्य. वर आडोसा नाही हे समजू शकते, पण पायथ्याला तरी आधी कोणाच्या घरी सांगून ठेवता येतं की नाही? पहिल्या दोन वेळा कोणालाच सुचलं नाही, तिसऱ्या वेळी आम्ही चौघींनी स्वतः गावात जाऊन एका मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या अगं आधी का नाही आलात. त्यानंतर ते वेळापत्रकात आलं. वर एक कापडी आडोसा न्यायला पण सुरुवात झाली, तो कोण वाहून नेणार यावरून दरवेळी तोंडं बघणं सुरू होतं ते सोडा.

प्रथमोपचाराची पेटी होती, पण आत काय आहे हे ती उघडेपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. जानेवारीत एकाचं बोट कापलं तेव्हा त्यात भरपूर बँडेज होतं आणि कात्री नव्हती. गडावर फुरसं असतं, छोटा विषारी साप, दगडाच्या फटीत, हातभर सुद्धा नाही लांबीला, दिसतच नाही. फटीत हात घालायच्या आधी काठीने ठोकायचं हे शिकवतात, पण चावलंच तर जवळच्या कुठल्या दवाखान्यात त्याच्या विषावरचं इंजेक्शन आहे हे मी विचारलं तेव्हा उत्तर यायला जरा जास्त वेळ लागला. आता फलकावर लिहितात. विचारत राहा, एवढंच म्हणेन.

आणि घोषणा. माझ्याही अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण ज्या बुरुजाच्या खाली आग्यामोहोळ लटकलेलं आहे बरोब्बर त्याच बुरुजावर उभं राहून चाळीस जणांनी बेंबीच्या देठापासून ओरडायचं आणि वर ड्रोन उडवायचा, हे धाडस नाही, मूर्खपणा आहे. दादाने हातवारे करून थांबवलं. त्यानंतर फोटोसेशन पंचेचाळीस मिनिटं. बॅनर उलटा धरला होता म्हणून परत एकदा. त्या वेळात पन्नास घमेली गेली असती.

सामानाबद्दल. कोयते चांगले असतात, धार लावलेले, मुठी घट्ट. हातमोजे मात्र सगळे एकाच मापाचे, माझ्या बोटांच्या पुढे दोन इंच रिकामं, कोयत्याची पकडच बसत नाही. आणि ते रबर लावलेले सुती मोजे घाणेरीच्या काट्यांपुढे टिकत नाहीत, स्वतःचे चामड्याचे घेऊन जा. प्लॅस्टिकची घमेली हलकी म्हणून सगळे आधी तीच पळवतात पण दगड पडला की कडा फाटते आणि फाटलेली कड मनगट कापते, मी दुसऱ्या वेळेपासून लोखंडीच घेते. पूर्ण बाह्या, जाड पँट, घोट्याच्या वर जाणारे बूट, डोळ्यांना साधा गॉगल, कारण गवत तोडताना कुसळं उडतात. अत्तर, परफ्यूम लावून येऊ नका, वर लिहिलंय कोण राहतं ते.

चुन्याचं एक छोटं प्रात्यक्षिक काकांनी एप्रिलमध्ये पायथ्याला दाखवलं आणि ते एकटं पाच स्टारचं होतं. आधीच कित्येक दिवस पाण्याखाली मुरवत ठेवलेला चुना, लोण्यासारखा, त्यात वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, आणि गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. गडावर दरवाज्यामागे गोल चर दिसतो दगडी, तो चुन्याचा घाणा, बैल फिरवून त्यात हे सगळं मळायचे. काकांनी आम्हाला हाताने मळायला लावलं आणि वीस मिनिटांनी बोट घालून बघितलं आणि म्हणाले, हं, आता कुठे सुरुवात झाली. बैलांबद्दलचा आदर वाढला. हा चुना भिंतीत कधी जाणार तर आराखडा मंजूर झाल्यावर, आणि तो कधी होणार ते काका आभाळाकडे बघून सांगतात.

मार्क द्यायचे तर चार देते पाचपैकी. एक कापला तो उशीर, आडोसा आणि बॅनर मिळून. लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर घाणेरीच्या दिवशी नको, चाळणीवर बसवायला टाक्याच्या दिवशी न्या, माझ्यापेक्षा त्यांची नजर तीक्ष्ण असते. ज्याला एका दिवसात गड चकाचक झालेला बघायचाय आणि आधीचा नंतरचा फोटो टाकायचाय त्याने जाऊच नये, चिडचिड होईल.

कारण ऑक्टोबर. मी ऑक्टोबरमध्ये गेले तेव्हा दरवाज्यातून आत पाऊल टाकलं आणि वाट दिसेना. छातीएवढं गवत. जानेवारीत जिथे आम्ही पंचवीस जण दिवसभर राबलो तिथे घाणेरी परत गुडघ्याएवढी, ज्यांनी गड्डा नीट काढला नव्हता त्यांच्या जागा तर नावानिशी ओळखता येत होत्या, एक माझी होती. नवीन आलेली एक मुलगी म्हणाली, मागच्या वर्षी काहीच काम झालं नाही का इथे? कोणीच उत्तर दिलं नाही, दादाने तिच्या हातात विळा दिला. टाकं मात्र भरलं होतं. काठोकाठ, हिरवट, वर एक बेडूक पाय ताणून तरंगत होता आणि गावातल्या मामांची दोन गुरं काठाशी पाणी पीत होती. आता यावर गुरं नकोत म्हणायचं की गुरांसाठीच तर काढलं म्हणायचं यावर तिथेच दोन गट पडले आणि अर्धा तास वाद झाला, मी गुरांच्या बाजूने होते.

दुपारी जरा सवड काढून तटाच्या बाहेरच्या बाजूला गेले. गवतात कुठे काय ठेवलंय समजेना. आधी काठी आपटली, मग विळ्याने गवत कापत कापत भिंतीच्या पायाशी आले. भोक तसंच होतं, पावसाने आणखी थोडी माती खाली आली होती, पण भिंत उभी होती. कापडी पट्टी सापडली, मातकट झालेली, त्यावर १४ वाचता येत होतं. दगडावरचा खडू पुसून गेला होता. परत लिहावं म्हणून काठीने दगड जरा कलता केला तर खाली एक विंचू, नांगी वर करून. दगड हळूच होता तसा ठेवला. नंबर वरच्या बाजूने लिहिला आणि गवत कापायला परत गेले.